मागच्या मेमोचे काय करायचे?

आदिलाबादेत एखाद्या मुलीने आपल्याला डॉक्टर व्हायचे आहे असे जाहीर केले, की तिची पहिली प्रवेश परीक्षा नॅशनल टेस्टिंग एजन्सीच्या आधी नातेवाईक घेतात. प्रश्न एकच असतो: दहावीला टक्के किती? उत्तर पंच्याण्णवच्या वर असले तर पुढचा अर्धा तास हैदराबादच्या रेसिडेन्शियल कॉलेजांच्या फीवर चर्चा होते. सत्तरच्या आसपास असले तर सगळ्यांना एकदम बी.एस्सी. नर्सिंग आणि डीएमएलटी या अभ्यासक्रमांचे मोठेपण आठवते. साठच्या खाली असले तर कोणीतरी खाकरते आणि विषय कापसाच्या भावाकडे वळतो. गंमत अशी, की ज्या दहावीवरून हा निवाडा होतो तिला एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत काडीची किंमत नाही. २०१६ पासून नीट ही प्रवेश परीक्षा देशभर सक्तीची झाली आणि यादी लागते ती नीटच्या ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर. बारावी, म्हणजे आमच्याकडची इंटर, बायपीसी, म्हणजे बायोलॉजी-फिजिक्स-केमिस्ट्री, घेऊन पास व्हावी लागते, पण तिचे गुण क्रमवारीत धरत नाहीत. दहावीचा मेमो, म्हणजे गुणपत्रिका, काउन्सेलिंगला मागतात हे खरे. तो जन्मतारीख बघायला. दोन वर्षे ज्या कागदापायी घरात जेवणे बेचव झाली, त्याचा सरकारदरबारी उपयोग मुलगी कधी जन्मली हे सांगण्यापुरता.

माझे म्हणणे असे, की आदिलाबादसारख्या जिल्ह्यात मागच्या परीक्षांचे कमी गुण मुलाबद्दल थोडे सांगतात आणि त्या परीक्षेबद्दल, शाळेबद्दल, गावाबद्दल बरेच जास्त सांगतात. ज्या व्यवस्थेने हे गुण बाजूला ठेवले तिने योग्यच केले. फक्त रिकाम्या झालेल्या खुर्चीवर तिने लगेच दुसरे दोघे आणून बसवले, एक पैसा आणि दुसरा पत्ता. हे म्हणणे हुशार मुलांना पटणार नाही आणि त्यांच्या आईवडिलांना तर अजिबात नाही, म्हणून पुराव्यानेच बोलू.

पुराव्यासाठी २०२० ची दहावीची तुकडी घ्या. त्या मार्चमध्ये तेलंगणात दहावीचे काही पेपर झाले आणि करोना आला. उरलेले पेपर रद्द झाले आणि शाळेतल्या चाचण्यांवरून सगळीच्या सगळी मुले पास झाली. पुढच्या वर्षीही परीक्षा झाली नाही आणि २ लाखांहून अधिक मुलांना १० पैकी १० जीपीए मिळाला. नदीपलीकडे महाराष्ट्रातही त्या साली दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, उरलेल्या ०.०५ टक्क्याने नेमके काय केले असेल याचे कुतूहल वाटते. आता आमची २०२० ची तुकडी इंटरच्या पहिल्या वर्षाला गेली, तिथेही आधी परीक्षेविना वर चढली, आणि मग सरकारला काय वाटले कोण जाणे, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना मागे बोलावून पहिल्या वर्षाची परीक्षा घेतली. साडेचार लाखांवर मुले बसली, पास झाली ४९ टक्के. आंदोलने झाली आणि आठवडाभरात सरकारने जाहीर केले, की नापास झालेल्या सगळ्यांना ३५ गुण देऊन पास करण्यात येत आहे. म्हणजे तीच मुले, तेच मेंदू, आणि दीड वर्षात ती आधी शंभर टक्के हुशार, मग निम्मी ढ आणि ख्रिसमसच्या सुमाराला पुन्हा शंभर टक्के पास. यातला कोणता आकडा मुलाची योग्यता सांगतो, ते ज्याला ठामपणे सांगता येईल त्याने बोर्डात नोकरी करावी.

करोनाचा अपवाद सोडून देऊ म्हणाल, तर एप्रिल २०१९ चा इंटरचा निकाल आठवा. जन्नारम हे गाव आज मंचिर्याल जिल्ह्यात आहे, पूर्वी आदिलाबादेतच होते. तिथल्या एका मुलीला तेलुगूत शून्य गुण पडले. पहिल्या वर्षी जिल्ह्यात वरचा नंबर असलेल्या मुलीला मातृभाषेत शून्य, हे कोणालाच पटेना. पेपर पुन्हा तपासला तेव्हा ९९ निघाले. शून्य आणि नव्याण्णव यांत एकच अंतर होते, तपासणाऱ्याने गोल कुठला काळा केला याचे. त्या निकालानंतर राज्यात वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. त्यावर विनोद करता येत नाही आणि करूही नये. पण मेमोवरचा आकडा ब्रह्मदेवाने कपाळावर लिहिलेला असतो असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट घरात एकदा मोठ्याने सांगावी.

तरी नियमवाल्यांचा या आकड्यावर विश्वास होताच. १९९७ च्या वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीने बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के हवेत असे सांगितले, राखीव गटांना ४० टक्के. आमची तुकडी जुलै २०२२ मध्ये नीटला बसली तेव्हा हीच अट अजून चालू होती. म्हणजे एका सरकारने मुलाला दया म्हणून ३५ गुण दिले आणि दुसऱ्या सरकारने त्याला दारात अडवून विचारले, ५० कुठे आहेत? पहिल्या वर्षाची भरपाई करायला दुसऱ्या वर्षी चांगलीच उडी मारणे आले. आता त्याच वर्षीचा नीटचा उंबरठा बघा. तिथेही अट पन्नासचीच, पण पन्नास पर्सेंटाइलची. पर्सेंटाइल म्हणजे पेपर किती आला हे विचारायचे नाही, आपल्या खाली किती जण आहेत ते मोजायचे. लग्नाच्या पंगतीत उठून जाणाऱ्यांच्या संख्येवरून आपण किती जेवलो हे ठरवण्यासारखे. २०२२ ला खुल्या गटाचे पन्नास पर्सेंटाइल ११७ गुणांवर आले, ७२० पैकी. टक्क्यात बोलायचे तर सव्वासोळा. तेव्हा इंटरला ४९ टक्के आणि नीटला ६०० गुण असलेला मुलगा खुल्या गटात अपात्र. आणि इंटरला ५१ टक्के, नीटला ११७ गुण असलेला मुलगा पात्र.

पात्र झाला म्हणजे जागा मिळाली असे नाही, हे मान्य. पण कुठली जागा, ते विचारा. तेलंगणातल्या खासगी कॉलेजात निम्म्या जागा कन्वीनर कोट्याच्या, म्हणजे ए वर्गाच्या. त्यांची वर्षाची फी ६० हजार. ३५ टक्के जागा बी वर्गाच्या, तिथे वर्षाला ११ लाखांच्या वर. उरलेल्या १५ टक्के सी वर्गाच्या, अनिवासी भारतीयांच्या, त्यांची फी साधारण बीच्या दुप्पट. रँक जितकी खाली घसरते तितकी फी वर चढते, हे गणित इंटरच्या बायपीसीवाल्यांनाही सहज सुटावे. गुणवत्तेची काळजी करणारे आमचे शेजारी राखीव जागेवरच्या गोंड मुलाचे गुण तोंडपाठ सांगतात. सी वर्गाच्या मुलाचे गुण मात्र त्यांना विचारावेसेही वाटत नाहीत. त्याच्याकडे पेढे खाऊन येतात. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर नीटचा उंबरठा सगळ्या गटांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला. चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या परीक्षेत शून्य पर्सेंटाइल म्हणजे उणे गुणवालाही आत. मोकळ्या पडलेल्या जागांना व्यवस्था इतकी उदार होऊ शकते, तर दहावीच्या सी-वन ग्रेडवर एवढे डोळे वटारायचे कारण उरत नाही.

नीटचे स्तोत्र गाण्याचा मात्र माझा विचार नाही. २०२४ च्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडले. काहींना ७१८ आणि ७१९ पडले, जे बरोबर उत्तराला अधिक चार आणि चुकीला उणे एक या हिशेबात पडूच शकत नाहीत. खुलासा आला, की केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ मुलांना भरपाईचे गुण दिले होते. मग ते काढून घेतले, फेरपरीक्षा झाली, एका प्रश्नाचे उत्तर बदलले आणि ६७ पहिल्यांचे १७ पहिले झाले. अशा परीक्षेला निर्दोष कोण म्हणेल? पण तिच्यात एक गुण आहे आणि तो आमच्या कामाचा आहे: तिला स्मरणशक्ती नाही. मागच्या वर्षी किती पडले, दहावीला कोण होतात, इंटरला ३५ दयेचे की कष्टाचे, ती विचारत नाही. मार्च २०२२ मध्ये वयाची वरची मर्यादाही उठली. त्यामुळे मागे घसरलेल्याला पुन्हा उभे राहता येते. आमच्याकडे याला लाँग टर्म म्हणतात, नांदेड-लातूरकडे रिपीटर बॅच. लाँग टर्म करणारा मुलगा म्हणजे घरातला सर्वांत आदरणीय बेकार. त्याला दळण आणायला पाठवत नाहीत, पण टीव्हीचा आवाज वाढवला की आधी त्याच्या दाराकडे बघतात.

आता पत्त्याकडे येऊ, कारण या जिल्ह्यातल्या मराठी घरांचा खरा घोळ तिथे आहे. १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानचे तुकडे पडले तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तोडून मुंबई राज्याला दिले आणि उरलेला जिल्हा आंध्रात गेला. पैनगंगेच्या या काठाला बेला, जैनथ, तलमडगू या भागांत मराठी घरे राहिली, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही राहिल्या. इथला मुलगा दहावीपर्यंत मराठीत शिकतो, दुसरी भाषा तेलुगू, तिसरी इंग्रजी, आणि उतनूरकडचा असेल तर घरी गोंडी किंवा लंबाडी. इंटरला बायपीसी घेतली की बहुतेकांना सगळेच इंग्रजीत. काल ज्याला पेशी म्हणत होता त्याला आज सेल म्हणायचे, आणि दुकानातल्या सेलशी गल्लत होऊ द्यायची नाही. पहिल्या वर्षी गुण कोसळतात. मेमोत लिहून येते बॉटनी ४१ टक्के. चार भाषांच्या ओढाताणीत ४१ मिळवले असे मेमोत लिहायला रकाना नाही.

बरे, नीट मराठीतून देता येते. तेरा भाषांत ती होते, त्यांत मराठी आहे. फक्त नॅशनल टेस्टिंग एजन्सीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे मराठी प्रश्नपत्रिका मिळते महाराष्ट्रातल्या केंद्रांवर, तेलंगणात तेलुगू. आदिलाबादच्या मराठी मुलाला आपल्या भाषेत पेपर हवा असेल तर पूल ओलांडायला हवा. मग तो आणि त्याचे वडील विचार करतात, ओलांडायचाच आहे तर अकरावीपासूनच ओलांडू. किनवट, मुदखेडमार्गे रेल्वे थेट नांदेडला जाते, तिथे क्लासेसची गल्लीच्या गल्ली आहे, मराठीत समजावून सांगणारे सर आहेत. मेस आहे, मावशीचे घर आहे. आणि इथेच सापळा लागतो. जुलै २०२४ मध्ये तेलंगणाने प्रवेशाचा नियम बदलला: नववी ते बारावी सलग राज्यात शिकलेलाच लोकल. हायकोर्टाने तो नियम सैल केला, पण १ सप्टेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. अकरावी-बारावी नांदेडला केलेला बेल्याचा मुलगा, ज्याच्या सात पिढ्या पैनगंगेच्या या काठाला गेल्या, तो आदिलाबादच्या रिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजात नॉन-लोकल. परीक्षेच्या दिवशी महाराष्ट्रात जायचे, त्याआधीची चार वर्षे मात्र जायचे नाही.

मग महाराष्ट्राच्या कोट्यात बसेल म्हणाल, तर तिथे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. याची दहावी आदिलाबादची. म्हणजे दोन राज्यांच्या मध्ये पुलावर उभा, हातात ५८० गुण आणि समोर देशपातळीवरचा १५ टक्के कोटा. महाराष्ट्र सीमाभागातल्या मराठी मुलांना विसरलेला नाही. कर्नाटकातल्या वादग्रस्त भागातल्या मुलांसाठी त्याने सरकारी कॉलेजांत वेगळ्या जागा ठेवल्या आहेत. बेळगावकर भांडले, म्हणून त्यांच्या मुलांना जागा आहेत. आदिलाबादकर कोणाशी भांडले नाहीत, तेलुगू शिकले, सणाला बतकम्मा खेळले आणि मुकाट राहिले. शांतताप्रिय माणसासाठी प्रवेश नियमावलीत कलम नसते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या आणि आता कुमुरम भीम आसिफाबादेत गेलेल्या केरामेरी भागात डझनभर गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन रेशनकार्डे आहेत, ते दोन्हीकडे मत देतात, दोन्ही सरकारांच्या शाळा आहेत. एमबीबीएसच्या दृष्टीने सगळ्यांत सोयीचा पत्ता तोच असावा, पण तिथे जायला रस्ता धड नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो म्हणीतून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्याला दहावी-बारावी झेपली नाही त्याला ॲनाटॉमी काय झेपणार? आक्षेप पोकळ नाही. ब्रिटनमध्ये मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक तुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शाळेतल्या परीक्षांचे गुण पुढे डॉक्टरकीच्या परीक्षांतल्या यशाशी जुळतात असे स्पष्ट दिसले. पण त्याच देशात लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ मध्ये एक वेगळी तुकडी सुरू केली. आसपासच्या सरकारी शाळांतली, कमी ग्रेडची मुले घ्यायची आणि सुरुवातीचा अभ्यासक्रम एक वर्ष लांबवून सोबतीला शिकवणीची मदत द्यायची. २००८ मध्ये त्यांनी हिशेब मांडला तेव्हा बहुतेक मुले इतरांच्या जवळपास येऊन पोचली होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. सगळ्यांना सारखी शाळा मिळाली असेल तर गुणांतला फरक मुलांमधला फरक असतो. शाळाच सारख्या नसतील तर पोहरा रिकामा आला म्हणून आडाला दोष देण्याआधी दोर किती हात आहे ते बघावे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, कारण तो भीतीतून येतो: तुम्ही स्वतः अशा डॉक्टरकडून ऑपरेशन करून घ्याल का? पोटात कात्री राहिलेल्या माणसाला सामाजिक न्याय सांगता येत नाही. पण प्रवेशाचे गुण आणि पदवी यांच्यामध्ये साडेचार वर्षांच्या विद्यापीठाच्या परीक्षा आणि वर्षभराची इंटर्नशिप उभी असते. वारंगलच्या ज्या आरोग्य विद्यापीठाच्या त्या परीक्षा आहेत, ते काळोजी नारायण राव या कवीच्या नावाचे आहे, पण निकाल कवीमनाने लावत नाही. शिवाय निवड करणाऱ्यांना आपल्या निवडीबद्दल वाटतो तितका आत्मविश्वास बाळगायला आधार कमी आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजला आयत्या वेळी जागा १५० वरून २०० करायला सांगितले. कॉलेजने आधी नाकारलेल्यांतून ५० जण उचलले. पदवीपर्यंत आणि नंतरच्या पहिल्या वर्षातही दोन्ही गटांत फरक सापडला नाही. हा निष्कर्ष १९८७ मध्ये छापून आला. त्या दोन गटांतला फरक मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांच्या मतांचा होता, गुणांचा कमी, हेही सांगायला हवे, नाहीतर पुरावा आपल्या बाजूला ओढल्यासारखे होईल. नेदरलँड्सने तर १९७० च्या दशकापासून मेडिकलच्या जागांसाठी सोडत काढली. जास्त गुणवाल्याची शक्यता जास्त, पण चिठ्ठीच. २०१७ मध्ये ती बंद केली आणि काही वर्षांत पुन्हा परवानगी दिली. चिठ्ठ्या टाकणाऱ्या देशात माणसे पटापट मेली असे काही ऐकिवात आले नाही.

आणि आदिलाबादच्या रोग्याची अडचण कमी गुणांचा डॉक्टर ही कधी नव्हतीच. त्याची अडचण आहे जास्त गुणांचा आणि गैरहजर डॉक्टर. २००८ मध्ये इथे रिम्स सुरू झाले, १०० जागांनी. उत्तम रँकची मुले राज्यभरातून येतात, शिकतात, आणि पदवीचा कागद वाळायच्या आत हैदराबादची गाडी पकडतात. त्यांत त्यांचा दोष नाही. ज्याला हैदराबादेत घर आहे तो उतनूरच्या पावसाळ्यात तापाच्या साथीशी का झुंजेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागात डॉक्टर टिकवायचे उपाय सुचवले, त्यांत ग्रामीण भागातलीच मुले शिकायला घ्या, हा प्रमुख उपाय होता. आमच्यापासून फार लांब नसलेल्या सेवाग्रामच्या कॉलेजाने, १९६९ मध्ये सुरू झालेल्या, अनेक वर्षे प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा पेपर ठेवला होता आणि पदव्युत्तर प्रवेशाआधी खेड्यात दोन वर्षे सेवा करायला लावली. गांधीविचारांचेही गाईड निघाले असणार, आपण ते काढल्याशिवाय राहत नाही. तरी डॉक्टर कुठे जाणार आहे हा प्रश्न त्या कॉलेजाने विचारला तरी. मेमो तो विचारत नाही.

मराठी माणसाला याबाबतीत परक्या देशांचे दाखले द्यायला लागावेत हेच खरे तर आश्चर्य. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज केला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि नियमित शाळा म्हणावी अशी त्यांना फारशी मिळालीच नव्हती. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला आणि मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. आजच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये त्यांचे काय झाले असते ते बघा. दहावीचे बोर्ड: रिकामे. बैठक क्रमांक: रिकामा. टक्केवारी: रिकामी. लाल तारांकित रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडले नसते आणि पहिली मराठी स्त्री डॉक्टर कल्याणच्या सायबर कॅफेत सर्व्हर डाऊनची पाटी बघत बसली असती.

मग मागच्या गुणांना काहीच अर्थ नाही का? आहे, आणि इथे मी लाँग टर्मवाल्यांची बाजू घेणार नाही. नीटमधले अर्धे गुण बायोलॉजीचे, पण घात करते ते फिजिक्स, आणि तिथे ज्याला इंटरला ३५ मिळाले त्याच्या गुणांत पत्ता, माध्यम, बोर्ड यांचा वाटा काढून उरलेला वाटा त्याचा स्वतःचा आहे. समाजशास्त्रातला सी-वन विसरता येतो. फिजिक्समधला विसरला तर तो मे महिन्यात पुन्हा भेटतो. मागचा मेमो निदानासारखा वाचावा, निकालासारखा वाचू नये. उलट टोकही नको. तमिळनाडूने कित्येक वर्षे प्रवेश परीक्षा बंद करून बारावीच्या गुणांवर डॉक्टर निवडले, तेव्हाही सरकारी शाळांतली मुले त्यात मोजकीच होती. शेवटी २०२० मध्ये त्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा वेगळ्या ठेवाव्या लागल्या. परीक्षा बोर्डाची असो की नीटची, तयारी विकत घेता येते तिथे घेणारा पुढे जाणारच. म्हणून माझे मत असे, की इथल्या सरकारी मराठी आणि तेलुगू शाळांतल्या मुलांसाठी रिम्सने थोड्या जागा ठेवाव्यात, पहिल्या वर्षी त्यांना इंग्रजीची आणि फिजिऑलॉजीची जादा शिकवणी द्यावी आणि बदल्यात पाच वर्षे जिल्ह्यातच काम लिहून घ्यावे. आणि सीमेवर मराठीत शिकलेल्या मुलाला मराठी पेपर आदिलाबादच्याच केंद्रावर मिळावा. यासाठी कोणाचे गुण वाढवायला नकोत, छापखान्याला एक जादा गठ्ठा सांगायचा आहे.

तोवर बेला, जैनथ, तलमडगूच्या पालकांना एवढेच सांगणे: मुलाचे दहावीचे गुण कमी असतील तर त्याला बायपीसी घेऊ द्या, फिजिक्सची वही रोज बघा आणि नांदेडची खोली बघायच्या आधी प्रवेशाचा नियम नीट वाचा. नववी, दहावी, अकरावी, बारावी या चारही वर्षांची बोनाफाइड सर्टिफिकेटे आत्ताच शाळा-कॉलेजांतून घेऊन ठेवा. हेडमास्तर बदलले की ती मिळायला महिना जातो. काउन्सेलिंगला मूळ प्रती लागतात, झेरॉक्स चालत नाही.